साडी एक, गिऱ्हाइकं दोन

दिवाळीला आठ दिवस राहिले होते आणि वन्संचा फोन आला. ‘‘वहिनी, एकच साडी दोघींना विकली गेली हो! आता काय करू?’’

सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी त्यांचं साड्यांचं दुकान आहे. गल्ल्याशेजारच्या कॉम्प्युटरवर टॅली, आणि आमच्या चिरंजीवांनी हौसेने करून दिलेलं ऑनलाइन दुकान. चिंतामणी रंगाची शेवटची इरकल सकाळी दुकानातून गेली. दुपारी तीच हैदराबादच्या एका बाईंनी वेबसाइटवरून घेतली, पैसेही भरले. साडी गेलीय हे वेबसाइटला कुणी सांगायचं? वन्सं रात्री दुकान बंद झाल्यावर वहीत बघून दोन्हीकडचे आकडे जुळवत. वन्संनी पैसे परत केले, माफी मागितली; पण त्या बाईंना लक्ष्मीपूजनाला तीच नेसायची होती. चारचौघांना दिसेल असं कडू त्यांनी वेबसाइटवर लिहिलं. चूक आपली, बोलणार काय?

मैत्रिणींनो, टॅली आणि वेबसाइट जोडून देणारी सॉफ्टवेअर मिळतात. दुकानात बिल झालं की वेबसाइटवरचा नग कमी होतो, तिकडे ऑर्डर आली की टॅलीत बिल चढतं. वन्संनी घाईघाईने ते घेतलं आणि पहिल्याच दिवशी घोळ! टॅलीत नाव ‘इरकल चिंतामणी’, वेबसाइटवर ‘निळी इरकल साडी’. आपल्याला कळतं, यंत्राला कसं कळणार? त्याने निळी हा नवाच माल समजून लिहून टाकला.

मग आत्या-भाचे तीन दुपारी बसले. प्रत्येक साडीला एक कोड, तोच टॅलीत, तोच वेबसाइटवर, तोच साडीच्या चिठ्ठीवर. तांदूळ निवडण्यासारखं कंटाळवाणं काम, पण ते आधी केल्याशिवाय जोडणीला एक पैसाही देऊ नका. विकणारा हे सांगत नाही! त्याला वर्षाची फी किती, तेही आधीच विचारा.

आणखी एक. टॅली बहुधा दुकानातल्याच कॉम्प्युटरवर असते. तो बंद केला किंवा वीज गेली की निरोप जात नाही. म्हणून वन्सं वेबसाइटवर एक नग कमीच दाखवतात. शेवटची साडी दुकानातल्या गिऱ्हाइकाची.

पैशांचंही बघा. ऑनलाइन पैसे घेऊन देणारी कंपनी आपली फी कापून उरलेली रक्कम बँकेत टाकते. पासबुकातला आकडा म्हणजे विक्री नव्हे. विक्री पूर्ण लिहायची, फी खर्चात. तसंच जीएसटीचं. आपल्या दुकानातून साडी पुण्याला पाठवली तर सीजीएसटी-एसजीएसटी, हैदराबादला पाठवली तर आयजीएसटी. हे सॉफ्टवेअरमध्ये एकदा चुकीचं बसलं की प्रत्येक बिल चुकतं. पहिली दहा बिलं सीएंना दाखवाच.

परत आलेल्या पार्सलची साडी मात्र आपोआप चढू देऊ नका. आधी घडी उलगडून डाग, धागा पाहायचा, मगच नग वाढवायचा. तोवर ती वन्संच्या त्या जुन्या वहीत लिहिलेली असते. वही अजून गल्ल्यातच आहे.