वाकडं पाऊल सरळ होतं

‘बाळ-बाळंतीण सुखरूप’ असा निरोप येतो, पेढे वाटले जातात, आणि मग कुणाचं तरी लक्ष दुपट्याबाहेर आलेल्या पावलाकडे जातं. तळवा आत वळलेला, टाच वर ओढलेली. वैद्यकात याला क्लबफूट म्हणतात. हजारात एखाद-दुसऱ्या बाळाला हे असतं, मुलींपेक्षा मुलग्यांत साधारण दुप्पट.

हाडांचा डॉक्टर म्हणून माझ्याकडे असं बाळ येतं, तोवर घरात त्याच्या आईची उलटतपासणी होऊन गेलेली असते. ‘ग्रहणात काही चिरलंस का?’ म्हणून पहिलं वाक्य मी सासूबाईंकडे बघून बोलतो : ग्रहणाचा, विळीचा आणि या पावलाचा काडीचाही संबंध नाही. नेमकं कारण बहुतेक वेळा सापडत नाही. काही घराण्यांत ते पुन्हा पुन्हा दिसतं, इतकंच.

निदान हातानंच होतं. पाऊल अलगद बाहेर वळवून बघायचं. सहज सरळ झालं, तर पोटातल्या अडचणीत ते नुसतं मुडपलं होतं. ताठ लागलं, अडलं, तर क्लबफूट. ‘एक्स-रे नको का?’ असं हमखास विचारतात. पण तान्ह्याच्या पावलातली बरीचशी हाडं अजून कूर्चाच असतात. एक्स-रेत दिसणार काय? कणा आणि खुबे मात्र मी नीट तपासतो. हल्ली पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीतही हे दिसतं आणि जोडपं उतरल्या चेहऱ्यानं विचारतं, ‘गर्भ ठेवायचा ना, डॉक्टर?’ दुसरा काही दोष नसेल, तर हे मूल धावेल, खेळेल, असं मी त्यांना निःशंकपणे सांगतो.

ते सांगता येतं, याचं श्रेय इग्नासिओ पोन्सेटी यांचं. १९१४ साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर जन्मलेला हा घड्याळजीचा मुलगा पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात हाडांचा डॉक्टर झाला. मोठी शस्त्रक्रिया झालेली पावलं मोठेपणी ताठरतात, दुखतात, हे त्यांनी पाहिलं आणि कोवळ्या कूर्चेला हातानंच वळण लावायची रीत बसवली. १९६३ साली ती छापूनही आली, पण कित्येक वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. कापाकापीचा मोह आमच्या धंद्यात जुनाच! १९९५ मध्ये तीस वर्षांनंतरचे निकाल प्रसिद्ध झाले, तेव्हा कुठे जग वळलं.

रीत अशी : घोट्यापुढच्या हाडावर बाहेरून अंगठा टेकवायचा आणि उरलेलं पाऊल त्याभोवती थोडं थोडं बाहेर न्यायचं. टाच ओढायची नाही, ती मागोमाग येते. मग मांडीपर्यंत प्लास्टर. दर आठवड्याला नवं, अशी पाच-सहा. शेवटी बहुतेक बाळांची टाचेमागची शीर जागा बधिर करून छेदावी लागते. ‘शीर कापणार?’ म्हणत आजोबा ताडकन उठतात. ती तीन आठवड्यांच्या प्लास्टरमध्ये पुन्हा जुळून येते, पुरेशा लांबीची.

यात मालिशवालीच्या भरवशावर घालवलेले महिने महाग पडतात. उपचार जन्मानंतर एक-दोन आठवड्यांत सुरू व्हावा हे उत्तम. उशिरा आलेल्यांनाही फायदा होतोच.

खरी लढाई मात्र प्लास्टर निघाल्यावर, घरात. दोन बूट आणि मधे दांडी, असा ब्रेस पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, नंतर चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत रात्री आणि दुपारच्या झोपेत. पाऊल तर आता सरळ दिसत असतं! मग पोर रडलं की आजीचं काळीज विरघळतं, लग्नाला जाताना बूट घरी राहतात, आणि काही महिन्यांत पाऊल पुन्हा आत वळू लागतं. पुन्हा प्लास्टर. पाऊल उलटण्याचं सर्वांत मोठं कारण हा सुटलेला ब्रेसच.

खर्चाच्या धास्तीनं कुणी घरी बसू नये. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूट आहे; जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

आणि ब्रेसचं रडणं? ते बहुधा दोन-चार दिवसांचं. दोन्ही पाय एकदम हलवायचे असतात, हे बाळाला उमगावं लागतं. दांडी धरून खेळवलं की ते लवकर शिकतं. एका आजींनी दांडीला जुन्या लुगड्याची जाड गुंडाळी शिवून घातली होती, लाथेसरशी आईला लागू नये म्हणून. तशी गुंडाळी मी आता सगळ्यांनाच करायला सांगतो.