तुमच्या फोनचा ओआयएस आणि इंदूरचा इलेक्ट्रॉन: थरथर थांबवतात कशी?

अकोल्याहून अमरावतीला जाताना एसटीच्या खिडकीतून व्हिडिओ काढलाय कधी? बस हादरते, तरी व्हिडिओ बऱ्यापैकी स्थिर येतो. फोनमध्ये ओआयएस असेल, तर जायरोस्कोप हालचाल मोजतो आणि लेन्स लगेच उलट दिशेला सरकते.

हाच खेळ आपल्या शेजारी इंदूरला फार मोठ्या मशीनवर चालतो. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातलं ‘इंडस-२’ म्हणजे सुमारे १७२ मीटर घेराची रिंग. तिच्या निर्वात नळीत इलेक्ट्रॉनचा झोत सेकंदाला १७ लाखांहून जास्त फेऱ्या मारतो. वळताना त्यातून क्ष-किरण निघतात. ते वापरून शास्त्रज्ञ धातू, प्रथिनं वगैरे तपासतात.

जरासं हललं तर काय बिघडतं?

झोताची दिशा रेडियनच्या फक्त दहा लाखाव्या भागाइतकी बदलली, तरी २० मीटरवर किरण २० मायक्रॉन सरकतो. नमुना तेवढाच बारीक असेल तर किरण निसटतो आणि प्रयोग वाया जातो. कारणं मात्र साधी असतात: पंपाची थरथर, तापमानातला बदल. युरोपात सर्नच्या २७ किलोमीटरच्या ‘लेप’ रिंगचा घेर तर चंद्राच्या ओढीने साधारण १ मिलिमीटर बदलायचा!

मोजतात कसं?

झोताला हात लावता येत नाही. म्हणून नळीच्या भिंतीत धातूची चार छोटी बटणं बसवतात. झोत ज्या बटणाच्या जवळून जातो, तिथला सिग्नल जास्त येतो. समोरासमोरच्या सिग्नलच्या फरकाला बेरजेने भागलं की झोत किती सरकला ते कळतं. अशी ठिकाणं रिंगभर असतात.

जागेवर कसं आणतात?

छोट्या विद्युतचुंबकांनी. पण एका चुंबकाचा करंट बदलला की सगळ्या रिंगमधला मार्ग हलतो. म्हणून आधी एकेक चुंबक थोडा बदलून कुठे किती फरक पडला ते नोंदवतात. झालं मॅट्रिक्स तयार! ते उलटं वापरलं की कोणत्या चुंबकाला किती करंट द्यायचा ते निघतं. हो, बारावीत ‘याचा उपयोग काय?’ म्हणत सोडवलेलं तेच मॅट्रिक्स.

खरी अडचण उशिराची आहे. गीझरचं पाणी गार लागलं म्हणून नळ फिरवता, गरम पाणी यायला वेळ लागतो, तुम्ही अजून फिरवता आणि मग चटका बसतो. इथेही तसंच. दुरुस्ती उशिरा पोहोचली तर थरथर कमी व्हायच्या ऐवजी वाढते. म्हणून बरोबर उत्तर काढणारा कोड पुरेसा नाही, ते वेळेत पोहोचलं पाहिजे.