विगनची पोरं

14 जुलै 2020. उत्तर इंग्लंडमधल्या विगनमध्ये घरच्या मैदानावर विगन अ‍ॅथलेटिकनं हल सिटीचा 8-0 असा फडशा पाडला. त्यातले सात गोल तर मध्यंतरापूर्वीच झाले होते. हा सामना पाहायला स्टेडियममध्ये प्रेक्षक नव्हते, करोनामुळे दारं बंद होती. आणि ज्या क्लबसाठी ही मंडळी खेळत होती, तो क्लब 1 जुलैपासून प्रशासकांच्या ताब्यात होता, म्हणजे सोप्या भाषेत दिवाळखोरीत निघाला होता.

नियमानुसार 12 गुण कापले जाणार होते. 22 जुलैला फुलहॅमशी 1-1 अशी बरोबरी झाली आणि हंगाम संपला. मैदानावर कमावलेले गुण 59 होते, म्हणजे तेरावं स्थान. कापल्यावर उरले 47, आणि विगन दुसऱ्या श्रेणीतून तिसऱ्या श्रेणीत ढकललं गेलं. याच क्लबनं 2013 साली मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला होता. आठ वर्षं तो प्रीमियर लीगमध्येही खेळला होता.

अशा वेळी वर्तमानपत्रं लिहितात ती मालकांबद्दल आणि मोठ्या खेळाडूंबद्दल. ते स्वाभाविकही होतं. क्लबची मालकी जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलली होती आणि महिनाभरात नव्या मालकांनी हात वर केले होते. विगनच्या खासदार लिसा नँडी यांनी याबद्दल जाहीरपणे प्रश्न विचारले, चौकशीची मागणी केली. मला मात्र या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो क्लबच्या अकादमीचा प्रश्न. नऊ वर्षांच्या पोरापासून अठरा वर्षांच्या तरुणापर्यंत सगळे जिथं घडतात, ती जागा क्लब बुडताना कोण सांभाळतं?

इंग्लंडमधल्या अकादम्यांची घडी 2012 साली नव्यानं बसवली गेली. त्यांच्या चार श्रेणी ठरल्या आणि प्रत्येक श्रेणीला किती प्रशिक्षक, कसली मैदानं, किती तास सराव हे ठरवून दिलं गेलं. मोठ्या क्लबनं लहान क्लबचा मुलगा उचलला तर किती भरपाई द्यायची, त्याचेही दर ठरले. नऊ ते अकरा वयोगटासाठी हा दर वर्षाला अवघा 3,000 पौंड होता. लहान क्लबांनी तेव्हाच कुरकुर केली होती, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं. वर्षानुवर्षं मेहनत घेऊन घडवलेला मुलगा श्रीमंत शेजाऱ्याला जवळजवळ फुकटात न्यायची ती सोय होती. सोळाव्या वर्षी मुलगा शिष्यवृत्तीवर येतो, सतराव्या वर्षापर्यंत त्याला व्यावसायिक करार करता येत नाही. म्हणजे तोवर क्लबच्या हातात त्याला धरून ठेवण्यासारखं फारसं काही नसतं. असतो तो विश्वास.

मार्च 2020 मध्ये सामने थांबले, अकादम्यांना कुलपं लागली, तरुण संघांचा हंगाम मे महिन्यात रद्द झाला. पोरं घराच्या परसात, खोलीत, मोबाइलवर प्रशिक्षकाला बघून सराव करत होती. अनेक क्लबांनी प्रशिक्षकांना सरकारी फर्लो योजनेत टाकलं, ज्यात सरकार पगाराचा 80 टक्के भाग उचलत असे. खालच्या श्रेणीतल्या क्लबांचं पोट तिकीटविक्रीवर चालतं, टीव्हीच्या पैशावर नाही. तिकीटबारी बंद झाली की खर्चाच्या वहीत पहिली रेघ कशावर मारायची, असा विचार सुरू होतो. आज एकही पैसा कमावून न देणारी अकादमी तेव्हा सगळ्यात आधी डोळ्यांत येते.

विगनमध्ये तर वही मालकाच्या हातातही राहिली नव्हती. प्रशासकाचं काम असतं देणी भागवणं, आणि त्यासाठी तो जे लवकर विकलं जाईल ते विकतो. डावा बचावपटू अँटनी रॉबिन्सन सुमारे 20 लाख पौंडांत फुलहॅमला गेला. सहाच महिन्यांपूर्वी एसी मिलान त्याला कितीतरी जास्त किमतीत न्यायला आलं होतं, तो व्यवहार वैद्यकीय तपासणीत अडकला होता. अकादमीच्या पोरांचीही पाळी आली. जो गेलहार्ट लीड्सला गेला, जेन्सन वीअर ब्रायटनला. अल्फी डिव्हाइन टॉटनहॅमला गेला तेव्हा जेमतेम पंधरा-सोळाचा होता. पुढच्या जानेवारीत एफए कपमध्ये मरीन या छोट्या क्लबविरुद्ध त्यानं टॉटनहॅमसाठी गोल केला आणि त्या क्लबच्या इतिहासातला सर्वांत लहान वयाचा गोल करणारा खेळाडू ठरला. विगनला मिळालेला मोबदला तीन लाख पौंडांच्या घरात होता, असं तेव्हा छापून आलं. दुष्काळात बियाणं दळून खावं, तसा हा प्रकार होता.

फुटबॉलमधल्या दिवाळखोरीचा एक नियम सामान्य माणसाला चक्रावून टाकतो. इतर क्लब आणि खेळाडू यांची देणी आधी आणि पूर्ण भागवायची, मग बाकीच्यांचं बघायचं. गावातला खाटीक, छापखानेवाला, रुग्णवाहिका पुरवणारी संस्था रांगेत मागे. आणि आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी मुलाला गाडीत घालून सरावाला नेणारे आईबाप रांगेतच नाहीत. त्यांनी जे गुंतवलं त्याला हिशेबात खातंच नाही.

तरीही विगनची अकादमी बंद पडली नाही, याचं श्रेय आधी गावाला. समर्थकांच्या संघटनेनं वर्गणी काढली आणि पाच लाख पौंडांहून जास्त रक्कम जमवली. हे गाव रग्बीवेडं आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या आकड्याचं वजन कळतं. दुसरं श्रेय अकादमीचे तेव्हाचे प्रमुख ग्रेगर रिओक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. पगाराची खात्री नसताना त्यांनी अकादमीचा कारभार चालू ठेवला.

आणि तिसरं श्रेय पोरांनाच. 2020-21 च्या हंगामात मुख्य संघात खेळवायला माणसंच नव्हती, म्हणून अकादमीतले काइल जोसेफ, थेलो ओसगार्ड यांच्यासारखे तरुण मैदानात उतरले. नोव्हेंबरमध्ये जबाबदारी लीअम रिचर्डसन यांच्याकडे आली. संघ चौथ्या श्रेणीत घसरण्यापासून वाचला तो फक्त एका गुणानं. मार्च 2021 च्या अखेरीस नवे मालक आले आणि पुढच्याच हंगामात विगननं तिसरी श्रेणी जिंकली. 2023 मध्ये पगार थकले, पुन्हा गुण कापले गेले, पुन्हा मालक बदलला. उणे आठ गुणांनी सुरू झालेला पुढचा हंगामही शॉन मलोनी यांनी मोठ्या प्रमाणात घरच्या पोरांच्या जिवावर तारून नेला. ज्यांना आधी विकायला काढलं, त्यांच्याच भाईबंदांनी क्लब दोनदा वाचवला. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, गुणतक्त्यात दिसतं ते सांगते आहे.

थेलो ओसगार्ड पुढे नॉर्वेकडून खेळू लागला. सप्टेंबर 2025 मध्ये मोल्दोव्हाविरुद्धच्या 11-1 च्या विजयात राखीव म्हणून उतरून त्यानं चार गोल केले.

महासाथीच्या काळात खरं तर अकादमीची किंमत वाढली होती. जुलै 2020 मध्येच बर्मिंगहॅम सिटीचा सतरा वर्षांचा जूड बेलिंगहॅम डॉर्टमुंडला गेला, किंमत अडीच कोटी पौंड. ऑगस्टमध्ये खालच्या दोन श्रेणींनी पगारावर मर्यादा घातली, तेव्हा 21 वर्षांखालच्या खेळाडूंना त्यातून वगळलं होतं. ती मर्यादा पुढे लवादानं रद्द केली. आणि 1 जानेवारी 2021 पासून, ब्रेक्झिटनंतर, परदेशातला अठरा वर्षांखालचा मुलगा इंग्लिश क्लबांना घेता येईनासा झाला. नेमकी घरची पोरं सोन्याच्या मोलाची व्हायची वेळ आली, तेव्हा ती मोडीच्या भावात गेली.

पुण्याच्या फुटबॉलप्रेमींना हे दुखणं परकं नाही. लाल्लियानझुआला छांगटे डीएसके शिवाजियन्सच्या अकादमीत घडला, आशिक कुरुनियन पुणे एफसीच्या. दोघेही भारताकडून खेळले. आज हे दोन्ही क्लब नाहीत. एफसी पुणे सिटीही 2019 मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादनं घेतली. इथं गुण कापायलाही काही उरलं नाही, वर्गणी काढायला गावही गोळा झालं नाही.

इंग्लंडनं 2025 मध्ये कायदा करून फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमला. मालकांची पारख, हिशेबांवर नजर, मैदान विकण्यावर अंकुश, क्लबचं बोधचिन्ह आणि रंग यांना संरक्षण, असं बरंच त्यात आहे. या यादीत अकादमीचंही नाव ठळकपणे हवं. क्लब बुडाला तरी हंगाम संपेपर्यंत अकादमीचा खर्च वेगळ्या खात्यात आधीच जमा असला पाहिजे, आणि प्रशासकाला त्या खात्याला हात लावता येऊ नये. आपल्याकडे मुलांना अकादमीत घालणाऱ्या पालकांनीही फी भरण्यापूर्वी एवढं विचारावं: क्लब उद्या बंद झाला, तर माझ्या मुलाच्या सरावाची जबाबदारी कोणाची, आणि ते कागदावर कुठं लिहिलं आहे?