भातसा धरण १४२ मीटर की ३२५? घोळ बाइटच्या क्रमाचा

शहापूरच्या भातसा धरणाची पूर्ण संचय पातळी १४२.०७ मीटर. समजा, सेन्सरने ती सेंटीमीटरमध्ये, म्हणजे १४२०७ अशी पाठवली. हा आकडा दोन बाइटमध्ये बसतो: ५५ आणि १२७ (५५ × २५६ + १२७).

मोडबस पद्धतीत मोठा बाइट आधी येतो. इंटेलचे प्रोसेसर मात्र लहान बाइट आधी धरतात. आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो, तसे. ड्रायव्हरने क्रम न बदलता वाचले, तर पातळी थेट ३२५.६७ मीटर!

उपाय काय?
उपकरणाच्या माहितीपत्रकातला क्रम आधी पाहा. लिनक्समध्ये ‘बीई१६_टू_सीपीयू’ वापरा. गरज असेल तरच ते बाइट उलटते. स्वतः सरसकट अदलाबदल केली, तर मोठा बाइट आधी धरणाऱ्या प्रोसेसरवर तोच कोड चुकेल.

नदीकाठच्या गावांना इशारा द्यायचा तो पातळी पाहूनच. ती उलटी वाचून कसे चालेल?