'चांगल्या माणसां'ची गाठ

आयर्लंडमधल्या खेड्यांत एक अनुभव पुन्हा पुन्हा सांगितला जाई. एखादा शेतकरी रात्री शेजाऱ्याकडून घरी निघालेला असतो. मधे एकच शेत, तेही त्याचं स्वतःचं, लहानपणापासून पायाखालचं. पण आज कुंपणातलं फाटक काही केल्या सापडत नाही. तो चालत राहतो आणि त्याच झुडपापाशी परत परत येतो. घाम फुटतो. शेवटी तो मटकन खाली बसतो. उजाडल्यावर पाहतो तर फाटक हाकेच्या अंतरावर! घरी आल्यावर तो एवढंच सांगतो, की 'त्यांनी' मला रात्रभर फिरवलं.

'ते' कोण, हे घरात कुणी विचारत नाही. त्यांचं नाव उघडपणे घ्यायचं नसतं. रात्री साप न म्हणता आपण 'जनावर' म्हणतो, तसं तिकडे त्यांना 'चांगली माणसं' म्हणतात. इंग्रजी पुस्तकांत त्यांना 'फेअरी' म्हटलेलं असतं आणि मराठीत आपण त्याचं 'परी' करून टाकतो. पण पंख लावलेल्या, हातात छडी घेतलेल्या इवल्याशा परीशी या लोकांचा संबंध नाही. आयरिश लोककथांतले हे लोक बहुतेक वेळा माणसाएवढेच असतात. त्यांच्या गाई असतात, त्यांची लग्नं होतात, त्यांच्यात मारामाऱ्याही होतात. फक्त ते सहसा दिसत नाहीत. त्यांचं आयरिश नाव 'शी'. या शब्दाचा मूळ अर्थ टेकाड, उंचवटा.

ही टेकाडं खरोखरच आहेत. आयर्लंडभर मातीच्या बांधाने वेढलेली गोल आवारं विखुरलेली आहेत. पुरातत्त्वज्ञांनी त्यांची संख्या सुमारे ४५,००० धरली आहे. त्यांतली बहुतेक इसवी सनाच्या सहाव्या ते दहाव्या शतकातली, शेतकऱ्यांची घरं आणि गुरं आत ठेवण्यासाठी बांधलेली. मूळ रहिवासी विसरले गेले आणि ही रिकामी आवारं 'त्यां'च्या मालकीची झाली. तिथे नांगर घालायचा नाही, तिथलं झाड तोडायचं नाही. ही भीती नसती तर यांतली कितीतरी आवारं कधीच सपाट झाली असती. पुरातत्त्वज्ञांनी या 'चांगल्या माणसां'चे आभारच मानायला हवेत.

आता त्या वाट चुकलेल्या शेतकऱ्याकडे वळू. तिकडचे लोक म्हणतात, की शेतात कुठेतरी एक भुलवणारी गवताची ढेप असते. तिच्यावर पाय पडला की दिशा हरवते. उपाय एकच, अंगातला कोट काढून उलटा घालायचा. कोकणातल्या किंवा घाटावरच्या वाचकांना याच्यासाठी वेगळा शब्द शोधावा लागणार नाही. हा आपला चकवाच! आयर्लंड आणि महाराष्ट्र यांनी ही गोष्ट एकमेकांकडून घेतली असण्याची शक्यता फारच कमी. मग दोन्हीकडे ती कशी आली?

जर्मनीतल्या ट्युबिंगेन इथल्या माक्स प्लांक संस्थेतले यान साउमन आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी सहा जणांना सपाट, दाट जंगलात नेऊन 'सरळ चालत राहा' असं सांगितलं आणि उपग्रहांच्या मदतीने त्यांची वाट नोंदवली. सूर्य दिसत होता तेव्हा माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरलेलं होतं त्या दिवशी चालणारे चौघंही गोल फिरले आणि त्यांतले काही जण आपलीच वाट ओलांडून गेले, तरी त्यांना त्याचा पत्ता नव्हता. ट्युनिशियाच्या वाळवंटात एक जण चांदण्यात सरळ चालला होता; चंद्र ढगाआड गेल्यावर तो वळत वळत आल्या दिशेलाच निघाला. डोळे बांधल्यावर तर काही जणांच्या फेऱ्या अवघ्या २० मीटर व्यासाच्या झाल्या.

एक पाय आखूड असल्यामुळे असं होतं, हे जुनं स्पष्टीकरण इथे टिकलं नाही, कारण तोच माणूस कधी डावीकडे वळे, कधी उजवीकडे. 'सरळ' कुठे आहे याचा मेंदूचा अंदाज प्रत्येक पावलागणिक किंचित चुकतो. दूरवर एखादी खूण दिसत असली की ही चूक दुरुस्त होत राहते. खूण नसली की चुका साठत जातात. धुकं आणि ढगाळ रात्री आयर्लंडला नव्या नाहीत. उलट्या कोटाचा उपायही मला निरर्थक वाटत नाही. कोट काढून उलटा घालायचा म्हणजे थांबणं आलं, आणि धास्तावून भरभर चालत सुटलेल्या माणसाला थांबण्याचीच तर गरज असते.

हा प्रयोग शाळेच्या मैदानावर करून पाहण्यासारखा आहे. मुलाचे डोळे बांधा, पन्नास पावलं सरळ चालायला सांगा. मागून दुसऱ्या मुलाने न बोलता फक्कीने खुणा करत जावं, आणि काही आडवं आलं तर लगेच थांबवावं. पट्टी सोडल्यावर त्या मुलाचा चेहरा पाहा!

तेव्हा अनुभव खोटा नव्हता. तो शेतकरी खरोखरच गोल फिरला होता. त्या अनुभवाला नाव मात्र गावाने दिलं. झोपेतून जाग येते पण हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, हा अनुभवही असाच. स्वप्नांच्या झोपेत स्नायू सैल पडलेले असतात आणि कधीकधी जाग त्यांच्या आधी येते. आयरिश वंशाचे पुष्कळ लोक ज्या न्यूफाउंडलंडमध्ये स्थायिक झाले, तिथे डेव्हिड हफर्ड यांनी याचा अभ्यास केला. १९८२ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात ते दाखवतात, की यासंबंधी काहीही न ऐकलेली माणसंसुद्धा तेच वर्णन करतात.

पण नाव देणं नेहमीच निरुपद्रवी नसतं. 'ते' माणसाला पळवून नेतात आणि त्याच्या जागी तसाच दिसणारा आपल्यातला एक ठेवून जातात, अशीही समजूत होती. जे मूल वाढत नाही, चालत-बोलत नाही, ते 'बदललेलं' ठरे. आज आपण अशा मुलांना तपासणीसाठी नेतो; तेव्हा 'बदललेल्या'ला हाकलण्याचे उपाय होत. १८२६ साली केरी परगण्यात चालता-बोलता न येणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला एका म्हातारीने नदीत बुडवून 'उतारा' केला. त्यात ते मूल गेलं. न्यायालयाने तिला निर्दोष सोडलं.

आणि १८९५ साली टिपेररी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी. तिशीच्या आतली, स्वतःच्या शिवणयंत्रावर कपडे शिवून कमावणारी, मूलबाळ नसलेली. मार्चमध्ये ती आजारी पडली. डॉक्टर आले, त्यांना साधारण खोकल्याचा विकार वाटला. नवऱ्याला मात्र वाटू लागलं, की ही आपली बायको नव्हेच. नातेवाइकांनी तिला धरून दुधात उकळलेल्या जडीबुटी पाजल्या, 'तू ब्रिजेटच आहेस का' असं पुन्हा पुन्हा विचारलं. १५ मार्चच्या रात्री नवऱ्याने तिच्या अंगावर दिव्यातलं तेल ओतून तिला जाळलं. नंतर तो जवळच्या एका गोल आवारापाशी जाऊन थांबत असे. खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून येईल, अशी त्याची समजूत होती. त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. १९१० साली तो सुटला. वडील आणि जवळचे नातेवाईक यांच्यावरही खटला झाला.

ब्रिजेटच्या चारचौघींपेक्षा वेगळ्या वागण्याचा या संशयाशी किती संबंध होता, यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलं आहे. मला तो बराच वाटतो. त्या वेळच्या काही वृत्तपत्रांनी मात्र यातून दुसराच निष्कर्ष काढला, की असले अडाणी आयरिश लोक स्वराज्याला लायक नाहीत. आपल्या आजोबा-पणजोबांनीही हा युक्तिवाद ऐकलेला होता.

आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर तिथल्या लोककथा आयोगाने शिक्षण खातं आणि शिक्षक संघटना यांच्या मदतीने जे केलं ते शिक्षकांनी माहीत करून घ्यावं असं आहे. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांतली मुलं घरी जाऊन आजी-आजोबांना विचारू लागली आणि निबंधाच्या तासाला ते वहीत उतरवू लागली. गावचे औषधोपचार, म्हणी, पुरलेला खजिना, आणि 'त्यां'ची आवारंही. खरं-खोटं ठरवणं हे मुलांचं काम नव्हतं. ऐकलं तसं लिहायचं, सांगणाऱ्याचं नाव-गाव टाकायचं. सात लाखांहून अधिक पानं जमली. आज त्यांतली पुष्कळ इंटरनेटवर वाचता येतात.

आपल्या वर्गात चकव्याबद्दल विचारायचं झालं, तर 'असं काही नसतं' इथून सुरुवात नको. कुणाला लागला, कोणत्या जागी, किती वाजता, चंद्र होता का, धुकं होतं का, दूरचा दिवा दिसत होता का, एवढं मुलांनी घरी विचारून यावं, आणि मग गावाच्या नकाशावर त्या जागा मांडाव्यात.