नाव राजाचे, तांबे व्यापाऱ्याचे

जालना एमआयडीसीत भंगार वितळवून सळया बनवणारे कारखाने आज मजुरी बँकेत जमा करतात. 1787 साली इंग्लंडमधला लोखंडाचा कारखानदार जॉन विल्किन्सन मात्र मजुरी द्यायला चिल्लर नसल्याने अडला होता. सरकारी टांकसाळीतून तांब्याची नाणी पुरेशी येत नव्हती, म्हणून त्याने स्वतःच्या चेहऱ्याचे तांब्याचे पैसे पाडून घेतले. वेल्समधल्या अँगल्सी बेटावरच्या पॅरिस खाण कंपनीनेही स्वतःचे पैसे पाडले. हे खासगी पैसे अखेर 1817 च्या कायद्याने बंद झाले.

असे आपल्याकडे कधी घडलेच नाही, हे म्हणणे मला पटत नाही. पेशवाईतली बरीचशी शिवराई, म्हणजे तांब्याचा पैसा, खासगी टांकसाळींतच पडली. 18व्या शतकाच्या पूर्वार्धात नागोठण्याच्या बाळाजी बापूजींना टांकसाळीचा परवाना मिळाला. पैशाचे वजन दहा मासे, म्हणजे सुमारे 9.7 ग्रॅम, ठरले आणि सरकारात दरसाल भरायची रक्कमही ठरली. पैसे पाडण्याचा धंदा आणि त्यातली जोखीम परवानेदाराची, नाण्यावरचे नाव मात्र ‘श्री राजा शिव’. शिवराई हातात घेतली की हे खासगी काम दिसते. ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून अक्षरे काठाशी कापली जातात. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’. एकाच सरकारी टांकसाळीत इतके प्रकार झाले नसते.

यावर आक्षेप येईल, की राजाचे नाव असलेला पैसा व्यापाऱ्याचा कसा? नाव आणि परवाना सत्तेचा, हे खरेच; विल्किन्सनच्या पैशाशी त्याची बरोबरी होत नाही. पण चिल्लरीची गरज भागवण्याचे काम दोन्हीकडे खासगी माणसानेच केले, आणि माझ्या मते तेच महत्त्वाचे. दुसरा आक्षेप असा, की खासगी पैसा हलक्या वजनाचा निघे. तो रास्त आहे. म्हणून तर परवान्यात वजन घातले जाई, आणि बाजारात सराफ नाणे पारखून बट्टा कापत. निजामाच्या राज्यातल्या जालन्यातही हाली सिक्का आणि कंपनीचा रुपया यांचा भाव वेगवेगळाच असे.

खासगी टांकसाळींचा हा सगळा पुरावा नाण्याच्या वजनात, काठात आणि कापलेल्या अक्षरांत आहे. म्हणून घरात जुना तांब्याचा पैसा असेल तर तो चिंचेने घासू नका, भंगारातही देऊ नका. जमिनीत पुरलेला साठा सापडला तर 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवा.