जुन्या लाँचचे इंजिन : पार्ट आणण्यापूर्वी हे पाहा

जून-जुलैची मासेमारी बंदी लागली की कोकणातल्या बंदरांवर लाँचा वर ओढल्या जातात आणि इंजिने खोलली जातात. या दोन महिन्यांत मालकाचा पैसा मजुरीत जातो त्यापेक्षा जास्त चुकीच्या पार्टमध्ये जातो. दुकानदार एकदा ग्रीस लागलेला पार्ट परत घेत नाही, आणि त्याचेही बरोबरच आहे.

आपल्याकडे बऱ्याच लाँचांत अशोक लेलँडची सहा सिलिंडरची इंजिने आहेत. त्यांचा मूळ सांगाडा ट्रकच्या इंजिनाचाच. त्यामुळे "ट्रकचा पार्ट चालतो" हे वाक्य अर्धे खरे आहे. मॉडेल जुळत असेल तर पिस्टन, रिंगा, बेअरिंग असे पोटातले सामान बहुधा चालते. पण खारे पाणी जिथून फिरते तो भाग ट्रकला नसतोच. समुद्राच्या पाण्याचा पंप, कूलर, पाण्याने थंड होणारा मॅनिफोल्ड हे सामान मरीनचेच घ्यावे.

प्रथम इंजिनाची पाटी शोधा. रंगाचे थर चढून ती दिसेनाशी झालेली असते. पाटी नसेल तर ब्लॉकवर ठोकलेला नंबर तारेच्या ब्रशने साफ करून लिहून घ्या. ओतकामात उठून दिसणारा नंबर तो इंजिन नंबर नव्हे, तो साच्याचा असतो. इथेच अनेकजण फसतात. जुनी लाँच विकत घेतली असेल तर इंजिन आधी किती वेळा उतरले हे कोणी सांगत नाही, म्हणून पाटीवरही पूर्ण भरवसा नको.

बेअरिंग काढल्यावर त्याची पाठ पाहा. 'एसटीडी' असेल तर क्रँक मूळ मापाचा. '०१०' किंवा '०२०' असेल तर क्रँक तेवढे थाऊ, म्हणजे इंचाचे तेवढे हजारावे भाग, घासून कमी केलेला आहे. तरी मायक्रोमीटर लावल्याशिवाय नवे बेअरिंग मागवू नका. क्रँक पुन्हा घासायची वेळ आली असेल तर आधी घासून घ्यावा, बेअरिंग नंतर.

पाण्याच्या पंपातल्या रबरी इम्पेलरची पाती मोजा, रुंदी आणि शाफ्टच्या भोकाचा व्यास घ्या, आत चावी आहे की दाते तेही पाहा. जुना नमुना सोबत न्यावा हे उत्तम. एखादे पाते तुटलेले दिसले तर नवा इम्पेलर बसवून मोकळे होऊ नका. तो तुकडा पुढे कूलरच्या नळ्यांत अडकलेला असतो, आणि भर समुद्रात इंजिन तापते ते त्यामुळेच. पंपाच्या खाली दोन सीलांच्या मध्ये बारीक भोक असते. त्यातून पाणी ठिबकते म्हणून काही मिस्त्री ते एम-सीलने बुजवतात. मग तेच पाणी ऑइलमध्ये जाते, ऑइल दुधासारखे होते आणि पंधरा रुपयांच्या कंजुषीपायी बेअरिंगा जातात. सील बदला, भोक मोकळे ठेवा. कूलरमधली जस्ताची कांडी अर्धी खाल्ली गेली असेल तर तीही बदला.

गियर बॉक्स जुना घेणार असाल तर त्याच्या पाटीवरचा रेशो आपल्या आधीच्या रेशोशी ताडून पाहा. रेशो बदलला आणि पंखा तोच ठेवला तर इंजिन दमते, काळा धूर टाकते, आणि दोष नोझलना दिला जातो.

इंजिन बसवल्यावर शाफ्टच्या कपलिंगची लाइन किनाऱ्यावर अंदाजे धरा. पक्के बोल्ट लाँच पाण्यात उतरल्यावर, फीलर गेज चारही बाजूंनी फिरवूनच आवळावेत, कारण तरंगताना सांगाडा थोडा वाकतो.